व्ह्यू पाहून तंबू ठोकू नका राजेहो

तीन वर्षांआधी दिवाळीच्या सुट्ट्यांत आम्ही तीन घरं मिळून नवेगावबांधच्या अलीकडं एका तलावावर गेलो होतो, ओळखीतल्या एकाचं वावर तलावाला लागूनच आहे, आणि तंबू कुठं लावायचा यावर काही चर्चाच झाली नाही कारण समोर पाणी, पाण्यात बगळे, मागं धानाच्या बांध्या, सगळ्यांनी मोबाइल काढले आणि काठापासून पंधरा पावलांवर तंबू ठोकून मोकळे झालो. पाचच्या सुमारास जागलीला येणारे एक म्हातारे बाबा सायकल धरून उभे राहिले, आमच्याकडं पाहिलं, तंबूकडं पाहिलं, आणि म्हणाले, "काहून जी इथं उतरले? इथं तं सांजच्याला बैलंबी बसत नाहीत."

आम्ही हसलो. साडेसहाला हसू गेलं. मच्छर असे आले की बोलायला तोंड उघडलं तर तोंडात, पोट्टे रडायला लागले, माझ्या साळ्यानं डोकं लावून तंबूच्या आत कॉइल पेटवला आणि झिप लावून घेतली, दहा मिनिटांत सगळे खोकत खोकत बाहेर आणि झिप उघडी राहिल्यामुळं मच्छर आत. रात्र गाडीत काच बंद करून काढली. सकाळी पोरीचा एक डोळा सुजून बंद झाला होता. बाबा परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "वर खळ्यावर लावाचा होता."

खळ्यावर. हे एका शब्दाचं उत्तर मला समजायला अजून दोन ट्रिपा लागल्या. पुढं जे लिहितो आहे ते थोडं त्या बाबांचं, थोडं आरोग्य खात्यात असलेल्या एका मित्राचं आणि उरलेलं स्वतः खाजवून खाजवून शिकलेलं.

आधी जागा, मग बाकी सगळं

मच्छर मारून संपत नाहीत हे पहिलं डोक्यात घ्या. तुम्ही दोन दिवसांचे पाहुणे, ते तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या रस्त्यातून बाजूला व्हायचं, आणि ते काम तंबूचा पहिला खुंटा ठोकायच्या आधीच होते. लोक हेच उलटं करतात, दुकानातून क्रीम, कॉइल, रॅकेट, अगरबत्ती असं हजाराचं सामान घेतात आणि मग जाऊन बसतात बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठावर.

खळं करायला जुने लोक जागा कशी बघायचे आठवा. उंच, कोरडी, ठोकून सारवलेली, गवताची काडी नाही, आणि उफणायला वारा लागला पाहिजे म्हणून मोकळी. तंबूसाठी अगदी हीच जागा पाहिजे. मच्छर उडण्यात लय कच्चा, ताशी दोन किलोमीटरच्या आसपास त्याचा स्पीड, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही कमी, त्यामुळं साधी झुळूक असली तरी त्याला तुमच्यापर्यंत येणं जड जाते. मी आता गाडीतून उतरलो की चिमूटभर भुसा नाहीतर वाळलं गवत हातात घेऊन सोडून बघतो, सरळ खाली पडलं तर ती जागा बाद, तिरपं गेलं तर सामान उतरवा. बायको म्हणते तुम्ही उफणायला आले का फिरायला.

पाण्यापासून दोन-तीनशे पावलं तरी लांब. पूर्व विदर्भात हे अवघड आहे हे माहीत आहे मला, भंडारा-गोंदियाकडं दर गावाला मालगुजारी तलाव, तलाव नसला तर बोडी, बोडी नसली तर बांधीत पाणी भरलेलं, आणि धानाच्या साचलेल्या पाण्यात होणारे क्युलेक्स जातीचे मच्छर तर जपानी मेंदूज्वराचे वाहक. म्हणून तिकडं जायचं तर धान कापून बांध्या कोरड्या पडल्यावर जा, डिसेंबर-जानेवारीत. अमरावती-अकोल्याकडं, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, तुलनेनं बरं असते पण तिथंही शेततळं आणि कॅनॉल बघून घ्या.

आणि हो, "नाल्याचं पाणी किती नितळ आहे, इथं कुठले मच्छर" हे मेळघाटात दर दुसरा माणूस म्हणतो. मलेरियावाल्या ॲनाफिलीसला नितळच पाणी आवडते राजेहो. सिपनासारख्या नद्यांना पावसाळ्यानंतर धार बारीक होते, कडेला डबकी राहतात, पाणी पिण्यासारखं दिसते आणि अळ्या त्यातच. गुरांच्या खुराच्या ठशात साचलेलं वाटीभर पाणीही त्यांना पुरते. तुमची बादली रात्रभर भरून राहिली तर मात्र घाबरायचं काम नाही, अंड्यापासून मच्छर व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर तुम्ही घरी. पण ज्या फार्महाउसवर उतरता तिथं जुने टायर, फुटके माठ, नारळाच्या करवंट्या, झाडांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या पडलेल्या असतील तर तिथं डेंग्यूवाला पट्टेरी मच्छर आधीपासून तयार आहे असं समजा, आणि तो दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार उतरल्यावर जास्त.

आता गोठा. आजकाल गावरान फीलच्या नावाखाली लोक गोठ्याला नाहीतर जुन्या मातीच्या भिंतीला टेकून तंबू लावतात, फोटो छान येतात. त्या भिंतीच्या भेगांत आणि शेणाच्या ओलाव्यात एक बारीक माशी राहते, सँडफ्लाय, मराठीत वाळूमाशी म्हणतात पण वाळूशी तिचा संबंध नाही. दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, पंख व्ही आकारात वर धरलेले, उडते कमी आणि टुणटुण उड्या जास्त मारते, आवाज अजिबात नाही. चांदीपुरा व्हायरसचं नाव ऐकलं असेल, ते चांदीपुरा आपल्या नागपूरकडचंच, १९६५ मध्ये तापाच्या साथीत नागपूरच्या पेशंटांच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्रानं तो शोधला, आणि तो पसरवते ही माशी. मेंदूज्वर होतो, जास्त करून पंधरा वर्षांच्या आतल्या लेकरांना, पावसाळ्यात. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आरामात आत येते म्हणून तंबूची जाळी बारीक विणीची असली पाहिजे. तिचा कमजोरपणा एकच, उंच उडता येत नाही. म्हणून वावरात बाज मिळाली तर लेकरांना खाली झोपवण्यापेक्षा बाजेवर झोपवा, आणि गोठ्यापासून लांब.

गवताचं वेगळंच प्रकरण आहे. पावसाळ्यानंतर हिरवंगार गवत दिसलं की सगळ्यांना लोळावं वाटते, पण त्यातच डोळ्यांना दिसत नाही इतक्या बारीक लालसर माइटच्या अळ्या असतात, चिगर म्हणतात, त्यांच्या चावण्यानं स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात ह्याचे खूप पेशंट निघाले, माणसंही गेली, तेव्हा कुठं लोकांना हे नाव कळलं. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत गवतात बसायचं असेल तर जाड सतरंजी टाका, धुतलेले कपडे झुडपांवर किंवा गवतावर वाळत घालू नका (हे आमच्याकडं सगळेच करतात, दोरी बांधायचा कंटाळा), आणि गुरांच्या चरण्याच्या जागेपासून लांब राहा कारण तिथं गोचीडही असतात.

तंबू लावायच्या आधी एकदा मान वर करून झाड बघा. आग्यामोहोळ वरच्या फांदीला लटकलेलं असते आणि खालून दिसतही नाही, चिखलदऱ्याला कड्यांच्या कपारीत तर ओळीनं असतात. त्याच्याखाली चूल पेटवली, धूर वर गेला, की संपलं. पानं एकमेकांना चिकटवून गोळा केलेलं दिसलं तर त्या लाल मुंग्या, त्या झाडाखालीही नको. मार्च-एप्रिलमधे मोहाच्या झाडाखाली तर मुळीच नको, पण ते मुंग्यांमुळं नाही, मोहफुलं खायला रात्री अस्वल येते म्हणून. आणि जंगलात कुठंही मनानं तंबू ठोकता येत नाही हे सांगायची गरज नसावी, ताडोबा, पेंच, मेळघाटच्या बाहेरच्या परवानगीच्या जागा, नाहीतर कोणाचं ओळखीचं वावर.

दिवे लागायच्या वेळेचा दीड तास

डिसेंबरात आपल्याकडं साडेपाच-पावणेसहालाच सूर्य बुडतो. त्याच्या अर्धा तास आधीपासून पुढचा तासभर, हा टाइम सगळ्यात वाईट, आणि कॅम्पिंगला गेलेले लोक नेमके ह्याच टायमाला हाफ चड्डीत तंबूचे बांबू जोडत बसलेले असतात. चार वाजता पोचा. साडेचारला तंबू उभा, पाचला सगळ्यांचे कपडे बदललेले, सव्वापाचला क्रीम लावून झालेलं, मग निवांत बसा. एवढ्या एका गोष्टीनं अर्धा त्रास कमी होते हे मी स्टँपपेपरवर लिहून देईन.

कपडे म्हणजे ढगळे, पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे. टाइट लेगिंग आणि ट्रॅकपँटमधून मच्छराची सोंड आरामात जाते, ढगळ्या कॉटनच्या पायजम्यातून जात नाही, आजोबा लोकांचं धोतर-बंडी काही वेडेपणा नव्हता. काळा आणि गडद निळा रंग मच्छरांना लवकर दिसतो. पायजमा सॉक्समधे खोचा, दिसतं वाईट पण मच्छरांचं पहिलं गिऱ्हाईक घोटाच असते आणि गोचीड-चिगर पण खालूनच वर चढतात. परमेथ्रिन ह्या कीटकनाशकाचा स्प्रे ऑनलाइन मिळाला तर कपड्यांवर आणि तंबूच्या बाहेरून मारून पूर्ण वाळू द्या, अंगाला लावायचं नाही ते, आणि घरात मांजर असेल तर ओलं असताना लांब ठेवा कारण मांजरांना ते विष आहे. गडचिरोलीच्या मलेरियाच्या गावांत सरकारनं वाटलेल्या मच्छरदाण्या अशाच औषधी असतात, मच्छर नुसता बसला तरी मरतो. काही लोक त्यातून मासे धरतात, असो.

आता क्रीम. ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. ओडोमॉसमधे डायइथाइल बेंझामाइड असते १२ टक्के, घराच्या अंगणात, वावरात संध्याकाळपुरतं ठीक चालते, दोन-चार तासांनी परत लावा. गडचिरोलीकडं किंवा जंगलाच्या कडेला राहायचं असेल तर २० ते ३० टक्के डीट नाहीतर २० टक्के पिकारिडिन असलेलं घ्या. टक्के वाढले म्हणजे औषध जास्त जोरात चालते असा सगळ्यांचा समज, तसं नाही, जास्त वेळ टिकते एवढंच, १० टक्केवालं दोनेक तास आणि २०-२५ वालं पाच-सहा तास, आणि ५० च्या वर गेलं तर काही फायदा नाही. घाम आला, तोंड धुतलं, नाल्यात डुबकी मारली की परत लावायचं. डीट प्लास्टिक खाते, माझ्या घड्याळाची काच त्यानंच धुरकट झाली, गॉगल आणि मोबाइलच्या कव्हरला हात लावायच्या आधी बोटं पुसा.

सनस्क्रीन लावत असाल तर आधी सनस्क्रीन, ती मुरली की मग हे. चेहऱ्यावर स्प्रे मारायचा नाही, हातावर घेऊन लावायचा, डोळे-तोंड-जखम सोडून. कपड्याच्या आत झाकलेल्या अंगाला लावायची गरजच नाही, पैसे वाया. लेकरांना मोठ्यांनी लावून द्यावं आणि त्यांच्या तळहाताला लावू नये कारण पाच मिनिटांत हात तोंडात जातो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट नाही, लेमन युकॅलिप्टसवालं तीन वर्षांच्या आत नाही. खरं तर इतक्या लहान बाळाला घेऊन तलावावर जायची घाई काय आहे, पण लोक जातात, तर मग बाळाला मच्छरदाणीतच ठेवा. सिट्रोनेला आणि निंबाचं तेल वास छान देते, तास-अर्ध्या तासात उडून जाते, भरवशाचं नाही.

रोडग्यांचा धूर

कॅम्पिंगला जाऊन मॅगी करणाऱ्यांशी माझं भांडण नाही पण विदर्भात राहून वावरात गेलो आणि रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, केले नाहीत तर गेलोच कशाला. आणि गोवऱ्यांची ती रास फक्त रोडग्यांसाठी नसते. धगधग संपून गोवऱ्या आतून धुमसायला लागल्या, वांग्याची भाजी होऊन बाजूला उतरली, की कडेला वाळका-ओला मिळून कडूनिंबाचा पाला टाकायचा, निरगुडीचा मिळाला तर आणखी चांगलं, आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवायचं म्हणजे धूर जमिनीलगत आपल्या पायांवरून जाते. ह्याच्यानं मच्छर मरत नाहीत, आपल्या श्वासाचा आणि घामाचा वास त्यांना नीट लागत नाही एवढंच, आणि धूर हलला की ते परत येतात, म्हणून क्रीमच्या जागी धूर नाही, क्रीमच्या सोबत धूर. दमेकरी आणि लहान लेकरं धुरापासून लांब बसवा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. तंबूच्या आत काहीही पेटवायचं नाही. कॉइल नाही, अगरबत्ती नाही, आणि थंडी वाजते म्हणून घमेल्यात निखारे तर अजिबात नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास येत नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. तंबूचं कापड ठिणगीनं भसकन पेटते ते वेगळंच. कॉइल लावायचाच तर बाहेर, जिथं बसता तिथं, टेबलाखाली, एक पुरत नाही दोन-तीन लागतात आणि वारा असला तर सगळा फुकट.

त्याच्यापेक्षा चार्जिंगचा टेबलफॅन घ्या. हसू नका. जेवायला बसले की पायांवर मारून ठेवायचा, वर सांगितलं तसं मच्छराला वाऱ्यात उडता येत नाही, आणि आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पण पसरून जातो ज्याच्या मागावर ते येतात. मागच्या वर्षी एका फॅनवर आठ जण जेवले.

मोबाइलमधे ॲप येते ना, आवाज काढून मच्छर पळवणारं, ते काढून टाका, त्यानं काही होत नाही. लसूण खाऊन, बी व्हिटॅमिनच्या गोळ्या खाऊनही काही होत नाही. निळा लाइट आणि चटचट आवाजवाला मशीन मुख्यतः बिचारे पतंग आणि भुंगे मारतो.

तंबूच्या आत आणि दिव्याचं गणित

पांढरा एलईडी तंबूच्या दारात टांगणारे लोक म्हणजे मच्छर-किड्यांसाठी मांडव घालणारे. तंबूजवळ पिवळा, मंद दिवा. आणि पांढरा लावायचाच तर वीस-पंचवीस पावलं दूर एखाद्या खांबाला, म्हणजे उडणारे सगळे तिकडं जमतात. पावसाळ्यात आणि त्याच्यानंतर दिव्यावर एक लांबट, मुंगीसारखा, काळा-नारिंगी पट्ट्यांचा किडा येतो, तो चावत नाही पण अंगावर चिरडला की त्यातल्या रसानं दुसऱ्या दिवशी चाबूक मारल्यासारखा लाल पट्टा उठतो, आग होते आणि फोड येतात. तो अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चापट मारू नका, आणि चुकून चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

झिपचा नियम आमच्या घरी असा: आधी आतला दिवा बंद, मग झिप अर्धीच, वाकून आत, झिप बंद, मग दिवा. बाहेरून कोणी "अरे माझा चार्जर दे" म्हणालं तर सकाळी. आत गेल्यावर टॉर्च घेऊन कोपरे तपासा, भिंतीवर शेपूट वर करून तिरपा बसलेला दिसला तर तो मलेरियावाला ॲनाफिलीस, पाठ सरळ ठेवून बसलेला तो क्युलेक्स, पायांवर पांढरे पट्टे म्हणजे डेंग्यूवाला एडिस, पोट्ट्यांना हा खेळ लय आवडते. मारा मात्र सगळ्यांना. जाळीला भोक असेल तर सेलोटेप चिकटते तात्पुरती पण सुई-दोरा सोबत ठेवा. झोपताना हातपाय जाळीला टेकू देऊ नका, बाहेरून चावतात, म्हणून गाद्या मधे ओढून घ्या. बाजेवर झोपणार असाल तर मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचायच्या, नुसत्या लोंबत ठेवायच्या नाहीत.

बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. विंचवाला बूट आवडतो.

चावलंच तर

नखानं क्रॉस करणं, चुना लावणं, तंबाखू चोळणं, ह्यातलं काही करू नका, चुन्यानं कातडी भाजते. थंड पाणी, ओला रुमाल, कॅलामाइन लोशन, फार खाज असेल तर रात्री सेट्रिझिनची गोळी, तिनं झोप येते म्हणून गाडी चालवणाऱ्यानं घेऊ नये. लेकरांची नखं घरूनच कापून न्या, खाजवून पिकते ते जास्त त्रासाचं. जानेवारीच्या पुढं जंगलाच्या कडेला अंगभर खाज सुटली आणि चावल्याचा टिपका कुठंच नसेल तर ती खाजकुयरी, वाळलेल्या शेंगांची कुसं वाऱ्यानं उडतात, चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग धुवा.

गोचीड चिकटली तर रॉकेल, तूप, पेटती काडी हे गावचे सगळे इलाज विसरा, त्यानं ती पोटातलं सगळं आपल्यातच ओकते. बारीक चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायची, सरळ वर ओढायची, पिरगाळायची नाही, मग साबणानं धुवायचं. बोटानं चिरडायची पण नाही.

मधमाश्या उठल्या तर हात हलवत उभं राहू नका, चेहरा झाकून सरळ पळा, गाडीत किंवा खोलीत शिरा, पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघत थांबतात. काटा राहिला असेल तर नखानं खरवडा नाहीतर ओढा, कसाही काढा पण लगेच, कारण तो राहील तोवर विष सोडत राहतो. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, किंवा खूप ठिकाणी चावल्या असतील तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. म्हणून पोचल्या पोचल्या जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठं आहे आणि मोबाइलला रेंज कुठं येते हे विचारून ठेवा, हे मी तंबू लावायच्या आधी करतो.

घरी आल्यावर

कपडे बॅगेत आठ दिवस ठेवू नका, त्याच दिवशी गरम पाण्यात. सगळ्यांनी साबण चोळून आंघोळ, आणि काखेत, कमरेला, जांघेत, गुडघ्याच्या मागं, कानामागं बघून घ्या, चिगर आणि गोचीड तिथंच जाऊन बसतात. तंबू उलटा करून उन्हात एक दिवस.

आणि ताप. मच्छर चावल्याचा खरा हिशेब नंतर येतो. मलेरिया सात दिवसांच्या आधी सहसा दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनीही येतो, आणि व्हायवॅक्स नावाचा प्रकार तर कधीकधी महिन्यांनी उगवतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची इकडं जाऊन आला असाल तर जास्तच लक्ष ठेवा, राज्यातल्या सगळ्यात जास्त मलेरियाच्या जिल्ह्यांत गडचिरोली येते आणि त्यातही डोक्यात चढणारा फाल्सिपेरम नावाचा प्रकार भरपूर. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत, तिकडच्या गावांत आशाताईकडंही तपासणीची किट असते, बोटातून थेंबभर रक्त आणि पंधरा-वीस मिनिटांत रिझल्ट. तिकडं जास्त दिवस राहणार असाल तर जायच्या आधीच डॉक्टरांना मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांबद्दल विचारा.

डेंग्यूची शंका असेल तोवर ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नाही, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. ताप आहे आणि अंगावर कुठंतरी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे, दुखतही नाही, तर स्क्रब टायफस असू शकतो, ती खपली डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, लाजेनं लपवू नका कारण ती बहुतेक लाजेच्याच जागी असते. डॉक्सिसायक्लिन नावाच्या स्वस्त गोळीनं बरा होतो पण उशीर झाला तर महागात पडतो. लेकराला ताप आणि सोबत झटके, उलट्या किंवा गुंगी, तर अजिबात थांबायचं नाही, रात्र असली तरी निघा. हत्तीपायाची भीती मात्र दोन रात्रींच्या ट्रिपसाठी घेऊ नका, तो तिथं वर्षानुवर्षं राहून पुन्हापुन्हा चावल्यानं होतो.

डॉक्टर काही विचारत नाहीत की मागच्या महिन्यात कुठं गेला होता, आपणच सांगावं लागते, आणि ताप आल्यावर तारीख कोणाला आठवते. म्हणून परत आलो की मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करतो आणि आत "तलाव" नाहीतर "मेळघाट" लिहितो, दुधाच्या खाड्याच्या आणि सिलिंडर लावल्याच्या नोंदींच्या मधेच. ह्या वर्षीचा गोल बाबा जागलीला येतात त्याच वावराचा आहे, ह्या वेळी तंबू खळ्यावर होता, आणि गोलाखाली पोरीनं पेनानं लिहून ठेवलं आहे, "एकूण ४ चावे, त्यातले ३ मामाला".